परिमल हालदार, वय वर्षे चार

हालदार साहेब आमच्या कार्यालयात रुजू झाले तो दिवस माझ्या लक्षात आहे. पंखा बंद होता आणि ट्रेसिंग पेपरवर घाम पडू नये म्हणून मी मनगटाला रुमाल बांधून काम करत होते. १९९४ चा मे महिना. मी बांधकाम खात्यात अनुरेखक होते, म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून घेणारी. बुलढाण्याच्या त्या कार्यालयात बाई मी एकटीच. माहेर रोहिणखेडचं, सासर बुलढाण्यातलंच. माझे मिस्टर नौमान यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं.

वास्तुशास्त्रज्ञाची जागा आमच्याकडे तीन वर्षं रिकामी होती. ज्याची नेमणूक व्हायची तो महिन्याभरात पुण्याला नाहीतर नाशिकला बदली करून घ्यायचा. त्यामुळे हा माणूसही जाईल असंच आम्ही धरून चाललो होतो. परिमल निशिकांत हालदार हे नाव आदेशावर वाचून सगळ्यांनी ठरवलं, की साहेब कलकत्त्याचे. आमचा टायपिस्ट देवानंद बोलका होता. त्यानं पहिल्याच दिवशी चहा देता देता सांगून टाकलं, "साहेब, इथं मच्छीचं जरा अवघड हाय. चांगली पाहिजे तं नळगंगेच्या धरणावर जा लागते."

"मी कलकत्त्याचा नाही," साहेब म्हणाले. "गडचिरोलीचा. चामोर्शी तालुका."

"मंग हालदार कसे?"

"हालदार तिकडे पण असतात."

एवढं बोलून ते नकाशांचं कपाट उघडून बसले. चौतीस वर्षांचा सडपातळ माणूस, बुशशर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि एक ब्लेडचा तुकडा. मराठी सगळं कळायचं, बोलायचेही भराभर, पण 'भिंत पडला' आणि 'दार उघडली' म्हणायचे. देवानंद मागे त्यांची नक्कल करायचा. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आंबाबरडी नावाच्या गावी आरोग्य केंद्र मंजूर झालं. नकाशा वरून ठरलेला असायचा. एकच नमुना साऱ्या राज्यात चालायचा, समुद्रकाठीही तोच आणि डोंगरातही तोच. आमचं काम फक्त तो जागेवर बसवायचं. हालदार साहेब म्हणाले, "मुबीनाताई, जागा बघायला चला. नकाशा तुम्हीच उतरवणार, तर जागा तुम्ही बघितली पाहिजे." याआधी मला कुणी जागेवर नेलं नव्हतं. मी घरी विचारून गेले.

आंबाबरडीत सरपंच भेटले, ग्रामसेवक भेटले, नारळ-बिरळ झालं. मग साहेबांनी विचारलं, "इथं बाळंतपण कोण करतं?" सरपंचांनी नाखुशीनं झुंबरबाईला बोलावणं धाडलं. साठीची काटक बाई आली आणि अंतर ठेवून उभी राहिली. साहेबांनी काठीनं जमिनीवर रेघा ओढल्या. ही खोली, हे दार, इथं डॉक्टर, इथं बाळंतपणाची जागा. झुंबरबाईनं सगळं बघितलं.

"बाई कुठून आत जाईन?"

"इथून."

"आन् तिच्यासंगची माणसं?"

"ती बाहेर थांबतील."

"बाहीर कुठी?" तिनं हातानं मोकळं रान दाखवलं. "वरच्या पाड्याहून बैलगाडीत एक बाई आणा लागली तं संग पाच-सहा जन येते. सासू, माय, नवरा, गाडीवाला. दोन-दोन दिवस बसून राह्यते. भाकरी कुठी टाकतीन? पानी कुठी तापवतीन? तुमची खोली चांगली हाय साहेब, पन तिले एकलीले तिथं सोडून कोनी जात नाही. मंग ते म्हनते, घरीच बरं."

साहेबांनी रेघा पुसल्या आणि काठी तिच्या हातात दिली. "तुम्ही काढा."

सरपंच हसले. झुंबरबाई हसली नाही. तिनं बसून घेतलं आणि खोलीच्या पूर्व अंगाला एक लांब ओटा काढला. पश्चिमेकडून वारं मारतं म्हणून पूर्वेला. ओट्याच्या टोकाला तीन दगड मांडले, ती चूल.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी म्हटलं, "सर, हे वर मंजूर होणार नाही."

"होणार नाही," ते म्हणाले. "पण लिहायला काय जातं?"

मग, मी काही न विचारता, त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. त्यांचा जन्म खुलना जिल्ह्यातला, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातला. १९६४ साली दंगली झाल्या तेव्हा आईवडील त्यांना आणि धाकट्या भावाला घेऊन सीमा ओलांडून आले. आधी रायपूरजवळच्या छावणीत काही वर्षं तंबूत काढली. मग सरकारनं चामोर्शीकडे जंगल तोडून वसाहत केली आणि त्यांना तिथं पाठवलं. घरं बांधूनच दिली होती. रस्त्याच्या कडेनं सरळ रांगेत चाळीस घरं, सगळ्यांची दारं रस्त्याकडे. तळं मागच्या बाजूला.

"आमचे लोक पाण्याचे," ते म्हणाले. "सकाळी उठलं की पाणी समोर दिसलं पाहिजे. बायकांना भांडी घेऊन रांगेला वळसा घालून जावं लागायचं. माझ्या वडिलांनी चौथ्या दिवशी मागचा भिंत फोडला आणि दार केली. एक साहेब आले, विचारलं, परवानगी कुणाची? वडिलांना बंगालीशिवाय काही येत नव्हतं. ते नुसते तळ्याकडे बोट दाखवत राहिले. साहेब चिडले. त्यांच्या हातात नकाशा होता. मी तेव्हा आठ वर्षांचा. मला वाटलं, हा कागद कुणीतरी काढला असेल ना? त्यानं आधी येऊन विचारलं असतं तर?"

"म्हणून तुम्ही ह्या लाईनीत आले?"

"म्हणून, आणि गणित बरं होतं म्हणून."

आंबाबरडीचा ओटा पहिल्यांदा नामंजूर होऊन आला, दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्या वेळी साहेबांनी दर्शनी भागातला खांबांचा पोर्च काढून टाकला, तेवढंच क्षेत्रफळ ओट्याला दिलं आणि लिहिलं, 'एकूण क्षेत्रात वाढ नाही.' कार्यकारी अभियंता म्हणाले, "हालदार, पोर्चमुळे बिल्डिंग सरकारी दिसते." साहेब म्हणाले, "हो सर." मंजुरी आली. ओटा झाला. चूल मात्र कागदावर दाखवता येत नव्हती, म्हणून मी तिथं शाईनं 'भांडार' लिहिलं.

बदलीची वाट बघत आम्ही होतो, ते नव्हते. त्यांनी जिल्हाभर कामं केली. शाळा, तलाठ्यांची कार्यालयं, लोणारला पर्यटकांसाठी एक लहानसं विश्रामगृह, मोताळ्याला मुलींचं वसतिगृह. कुठलीच इमारत वर्तमानपत्रात छापून यावी अशी नव्हती. पण वसतिगृहाच्या खिडक्यांचे कठडे एवढे रुंद होते की मुली त्यावर बसून अभ्यास करायच्या, आणि लोणारच्या विश्रामगृहात दुपारी पंख्याशिवाय झोप लागायची. एकदा माझ्या अब्बांना भेटायला रोहिणखेडला आले, तेव्हा तिथल्या जुन्या मशिदीत दोन तास कमानींची मापं घेत बसले. अब्बा म्हणाले, "ये आदमी नमाजी नहीं है, लेकिन बैठता वैसे ही है."

त्यांची बायको मिनती त्यांच्याच वसाहतीतली. मुलगी अर्पिता बुलढाण्यात जन्मली. घरात बंगाली, शाळेत पुस्तकी मराठी आणि अंगणात थेट आमची बोली. एकदा बापाला म्हणाली, "बाबा, तुमी काऊन चूक बोलता बे?" साहेब इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. ते मी त्यांना पहिल्यांदा तसं हसताना बघितलं.

२००३ साली एका तालुक्याच्या गावी सभागृह बांधायचं ठरलं. जागा मुलींच्या शाळेमागची. तिथले पुढारी अर्जुनराव यांनी ती आधीच पक्की करून कोनशिलेचा दगडही घडवून ठेवला होता. साहेब जागा बघून आले. सभागृह झालं की मुलींचं मैदान जात होतं आणि शौचालयाकडे जाणारी वाट सभागृहाच्या मुख्य दारासमोरून जाणार होती. त्यांनी फाईलवर लिहिलं, 'जागा अयोग्य. पर्यायी जागा सुचवीत आहे.'

अर्जुनराव स्वतः कार्यालयात आले. आवाज चढवला नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हालदार साहेब, तुमी कुठले?"

"चामोर्शीचा."

"त्याच्या आंधी?"

साहेबांनी फाईल मिटली. अर्जुनरावांनी चहा संपवला, नमस्कार केला आणि गेले.

सहा महिन्यांनी एक निनावी अर्ज आला. हालदार हे बांगलादेशी घुसखोर असून १९७१ नंतर चोरून आले, खोटे दाखले देऊन नोकरी मिळवली, अजून तिकडे पत्रव्यवहार आहे, वगैरे. अर्ज कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. अर्जुनरावांनी केला असं सगळे म्हणत. मी म्हणणार नाही, कारण मला माहीत नाही. पण अर्जातली एक गोष्ट कार्यालयाबाहेरच्या माणसाला ठाऊक असणं कठीण होतं, ती म्हणजे पत्रव्यवहार.

साहेबांच्या तिकडेच राहिलेल्या काकाचं एक पत्र खरंच कार्यालयाच्या पत्त्यावर आलं होतं. निळं हवाई टपालाचं पाकीट, परदेशी तिकिटाचं. माझ्या मुलीला तिकिटं जमवायचा नाद होता. साहेबांनी ते तिकीट ब्लेडनं कापून माझ्या हातात दिलं होतं. ते आम्ही चार जणांनी पाहिलं होतं.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. सगळ्यांचे जबाब घेतले. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आधी माझं नाव विचारलं, मग माहेर विचारलं, मग वडील कुठले, आजोबा कुठले. आवाजात काही वावगं नव्हतं, कदाचित सगळ्यांनाच विचारत असतील. आमचे आजोबा-पणजोबा रोहिणखेडच्या मातीतले, तरी त्या क्षणी मला वाटलं, आता मला कागद मागतील. मग त्यांनी विचारलं, "हालदारांना तिकडून पत्रं येत होती का?"

मी म्हटलं, "एक आलं होतं."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"हो. तिकीट माझ्या घरी आहे."

तिकिटाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून सांगितलं, आपण काही लपवत नाही हे दाखवायला. त्यांनी ते लिहून घेतलं, मी सही केली.

हालदार साहेबांचं काम काढून घेतलं गेलं. निलंबन नव्हतं. पगार चालू, पण फाईल एकही टेबलावर येणार नाही. जुन्या दप्तराच्या खोलीत त्यांना बसवलं. माझी आणि त्यांची खोली समोरासमोर होती. दिवसभर ते जुने फाटके नकाशे काढायचे, पुसायचे, डिंकानं चिकटवायचे आणि वहीत क्रमांक लिहायचे. देवानंदानं त्यांची नक्कल करणं बंद केलं. चहा मात्र सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडे नेऊ लागला.

चौकशीचं म्हणणं एवढंच होतं, की १९६४ साली आलात तर तसा कागद द्या. सीमेवर त्या वेळी प्रत्येक कुटुंबाला एक चिठ्ठी मिळायची. बॉर्डर स्लिप म्हणत तिला. नागरिकत्वाचा दाखला वडिलांनी मिळवला होता, पण तो वैनगंगेच्या पुरात बाकीच्या सामानाबरोबर गेला होता. वडील वारले होते. साहेबांनी रायपूरला लिहिलं, कलकत्त्याला लिहिलं. उत्तर आलं नाही. वसाहतीतल्या शाळेचा दाखला १९६८ चा मिळाला. तो चौकशी अधिकाऱ्यांनी ठेवून घेतला आणि म्हणाले, "हा १९७१ च्या आधीचा आहे खरा, पण देशात रीतसर आल्याचा पुरावा पाहिजे."

दिवाळीच्या सुट्टीत साहेब आईकडे जायला निघाले. मिनती आणि अर्पिता बरोबर होत्या. मी नौमानला म्हटलं, "मी पण जाऊ का?" कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. "जा," म्हणाले. "किती महिने झाले, तुले झोप नाही. जाऊन ये."

मलकापूरहून गाडीनं वर्धा, तिथून चंद्रपूर. वर्धा सुटल्यावर मिनती आणि अर्पिता खिडकीशी होत्या, तेव्हा मी साहेबांना सांगितलं. पत्राचं मी बोलले. तिकिटाचंही मीच बोलले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "जबाबाच्या प्रती मला दिल्या आहेत."

"मग मला सोबत कशाला घेतलं?"

"तुम्ही येते म्हणालात." मग म्हणाले, "पत्र आलंच होतं. खोटं बोलला असता तर तुम्ही अडकला असता. मी सुटलो नसतोच."

"खरं म्हणून नाही सांगितलं सर. भीती वाटली म्हणून सांगितलं."

पुढच्या स्टेशनवर ते उतरून चार चहा घेऊन आले, त्यातला एक मला दिला. मला बरं वाटलं नाही. पण चहा मी घेतला.

साहेबांची आई शैलबाला. पासष्टीच्या आसपासची, पाठीत वाकलेली, पांढरं लुगडं. वसाहतीतल्या घराच्या अंगणात केळी, मागं तळं. आम्ही जेवलो आणि साहेबांनी तिला बंगालीत सगळं सांगितलं. त्यांना वाटत होतं की ती चिठ्ठीही पुरात गेली. म्हातारी ऐकून घेऊन आत गेली, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज झाला, आणि ती मेणकापडाची गुंडाळी घेऊन बाहेर आली. साहेबांचा भाऊ तिच्याजवळ राहायचा, त्यालाही हे माहीत नव्हतं. पूर आला तेव्हा ही गुंडाळी तिच्या कमरेला होती.

हातभर अंतरावर धरून तिनं कागद दाखवला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, इंग्रजीत टाइप केलेला, नावं शाईनं लिहिलेली. निशिकांत हालदार, वय एकतीस. पत्नी शैलबाला. मुलगा परिमल, वय वर्षे चार. मुलगा निर्मल, वय एक. खाली गोल शिक्का आणि तारीख, १९ एप्रिल १९६४.

साहेबांनी हात पुढे केला. म्हातारीनं कागद मागे घेतला.

"देगा नहीं," ती म्हणाली. माझ्याकडे बघून, मला कळावं म्हणून हिंदीत. "बाबू लोग लेके जाता, देता नहीं."

तिचं म्हणणं खरं होतं. पूर्वी एक कर्मचारी नोंदीसाठी म्हणून वसाहतीतल्या अकरा घरांच्या चिठ्ठ्या घेऊन चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, गेला होता. दहा परत आल्या. शेजारच्या मिस्त्रींची हरवली. ते नऊ वर्षं हेलपाटे घालत होते. साहेबांनी समजावलं, भावानं समजावलं, मिनतीनं पाय धरले. म्हातारी म्हणाली, दाखवीन, देणार नाही.

शेवटी ठरलं की झेरॉक्स काढायची. त्यासाठी चामोर्शीला जावं लागणार होतं. म्हातारी गुंडाळी छातीशी धरून एसटीत बसली. झेरॉक्सच्या दुकानात तिनं कागद काचेवर ठेवला, पण एक कोपरा अंगठ्याखाली दाबून धरला.

"आजी, हात काढा," दुकानदार म्हणाला.

"ना."

"झाकण लागत नाही."

"ना."

त्यानं तसंच बटण दाबलं. प्रकाशाची पट्टी सरकली तेव्हा ती दचकली, पण अंगठा हलला नाही. तीन प्रती निघाल्या. तिन्हींत शिक्क्याच्या शेजारी एक काळा, सुरकुतलेला अंगठा. अर्पिताला हसू आवरेना. मग मिनतीला, मग साहेबांना. म्हातारी मात्र कागदाची घडी घालत होती.

बुलढाण्याला परतल्यावर ती प्रत चौकशीत दिली. अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"माझ्या आईचा अंगठा," साहेब म्हणाले.

"मूळ कागद आणा. नाहीतर हे मी धरू शकत नाही."

साहेबांनी भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, कागद येणार नाही, पण आई म्हणते मी येते.

ती डिसेंबरात आली, दोन गाड्या आणि दोन एसट्या बदलून. बुलढाण्याच्या थंडीची तिला कल्पना नव्हती. मी माझा स्वेटर दिला, तो तिनं लुगड्यावरून उलटा घातला आणि तसाच राहू दिला. ठरलेल्या दिवशी अकरा वाजता ती साहेबांबरोबर चौकशीच्या खोलीत गेली. दुभाषा म्हणून साहेब चालणार नव्हते, ते स्वतःच्याच प्रकरणात कसे बोलणार? म्हातारी म्हणाली, "हिंदी आता है." तिच्यासोबत बाई असावी म्हणून मला आत उभं राहू दिलं.

अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली. ती बसली नाही. मेणकापड उलगडलं, कागद दोन्ही हातांत धरला आणि टेबलावरून पुढे केला.

"इथं ठेवा," ते म्हणाले.

"पढ़ो," ती म्हणाली.

ते खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले, वाकले आणि तिच्या हातातला कागद वाचू लागले. अक्षर पुसट होतं. ते खिडकीच्या बाजूला सरकले, तीही सरकली. दोघं तो कागद मध्ये धरून खिडकीपर्यंत आले. त्यांनी वही उघडी धरून क्रमांक लिहिला, तारीख लिहिली, शिक्का तपासला. मग विचारलं, "ह्यात परिमल नाव आहे. पण तो परिमल हाच, कशावरून?"

म्हातारीला प्रश्न नीट कळला नसावा. मी हिंदीत पुन्हा सांगितला. तिनं मुलाकडे बघितलं, मग अधिकाऱ्यांकडे.

"ये चार साल का था. बुखार था. मैं उठाके लाई," ती म्हणाली. "दूसरा कौन होगा?"

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. तिच्याच शब्दांत लिहिलं, मी बघत होते. खाली 'मूळ कागद समक्ष पाहिला' असा शेरा मारून सही केली. म्हातारीनं कागद मेणकापडात घातला, कमरेला खोचला आणि विचारलं, "हो गया?" ते म्हणाले, "हो, आजी."

पाच महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं. 'सदर तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' दुसऱ्या दिवशी साहेब जुन्या टेबलावर येऊन बसले. दप्तराच्या खोलीत त्यांचे चौदा महिने गेले होते. त्या काळात दुसऱ्या एका सहीनं सभागृहाला मंजुरी मिळाली होती, आणि ते त्याच जागी, मुलींच्या शाळेमागे, बांधून झालं होतं. साहेबांची बढती त्यांच्यापेक्षा कनिष्ठ माणसाला गेली. त्यांची चार वर्षांनी झाली.

मी त्यांना एकदाच चिडलेलं बघितलं, ते त्या सभागृहाच्या उद्घाटनाची पत्रिका टेबलावर आली तेव्हा. त्यांनी ती फाडली नाही. पाठकोरी होती म्हणून तिच्यावर कच्चा नकाशा काढायला घेतला, आणि पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून रेघ ओढली. मग उठून बाहेर गेले, तासाभरानं आले.

त्यांना नागपूरला बदली देऊ केली होती. सगळ्यांना वाटलं घेतील. ते म्हणाले, "अर्पिताची शाळा इथं आहे." अर्पिताची शाळा संपली, ती दंतवैद्यक शिकायला अमरावतीला गेली, तरी ते इथंच. शहराच्या कडेला एक छोटं घर बांधलं. आई त्या घरात एकदा येऊन राहिली. २०११ साली ती चामोर्शीत वारली. साहेब तिच्या क्रियाकर्माला गेले तेव्हा पेटीतली ती गुंडाळी भावानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती तिथंच राहू दिली. म्हणाले, "घर तुझं आहे, कागद घरात पाहिजे."

२०१८ च्या जूनमध्ये ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात देवानंद बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "साहेबांनी चोवीस वर्षांत 'भिंत पडला'च म्हटलं, पन त्यांची एक भी भिंत पडली नाही." सगळे हसले. साहेबांनी उत्तराचं भाषण केलं नाही, आभार मानले आणि खाली बसले. मी तेव्हा बढतीनं आरेखक झाले होते. दुसऱ्या वर्षी मीही घरी बसले.

२०१९ च्या हिवाळ्यात ते अर्पिताला घेऊन खुलन्याला जाऊन आले. रीतसर पासपोर्ट, व्हिसा. मी विचारलं, गाव सापडलं का? म्हणाले, "नदीनं खाल्लं. जिथं घर होतं तिथं आता पाणी आहे, होड्या उभ्या असतात." काकाच्या मुलांनी आठ दिवस सोडलं नाही. विचारायचे, तुमचा देश कुठला? तिकडे गावाला देश म्हणतात. साहेब म्हणायचे, बुलढाणा. त्यांना तो शब्द येईना. 'बुलडाना, बुलडाना' म्हणत सगळी मुलं मागं फिरायची. हे सांगताना अर्पिताच जास्त हसत होती. "बाबाची तिथं कोनी चूक काढत नोतं," ती म्हणाली, "तं त्याहीले करमतच नोतं."

आता त्यांना पासष्ट वर्षं झाली. गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर वाढला आहे. गेल्या महिन्यापासून त्यांच्या डोक्यात आठवडी बाजार आहे. भाजी विकायला खेड्यांतून दीडेकशे बायका येतात, सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत बसतात, आणि त्यांना जायला जागा नाही. नगरपालिकेनं कोपऱ्यात एक शौचालय बांधायचं ठरवलंय. साहेबांनी नकाशा मागवून बघितला, जागा चुकली तिथं खूण केली आणि मला फोन लावला.

"मुबीनाताई, मापं घ्यायला या."

"सर, आता आपल्याला कोण विचारतं?"

"कोणी नाही. या."

मी गेले. बनाबाई म्हणून एक मेथी-कोथिंबिरीवाली आहे, तिच्याजवळ पिंपळाच्या सावलीत बसून त्यांनी विचारलं, जागा कुठं असावी? बनाबाईनं एक जागा दाखवली. शेजारची कांदेवाली म्हणाली, तिथं तर गाड्या लागतात, काय बोलतेस? दोघींचं जुंपलं. भाव विचारायला आलेली गिऱ्हाइकं उभी राहून ऐकायला लागली. साहेब दोघींचंही लिहून घेत होते, आणि मी टेपचं दुसरं टोक धरून उन्हात उभी होते. त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं आहे.